क्षिप्रेकाठची कादंबरी आणि प्रकाशनाची वाट
(इंदूरच्या शरच्चंद्र मुक्तिबोधांचा लेखनप्रवास : एक मागोवा)

प्रास्ताविक

मराठी कादंबरीचा इतिहास आपण वर्गात शिकवतो तो बहुधा ग्रंथनामांच्या आणि सनावळीच्या आधारे. १८५७ मधील बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’, त्यानंतर हरि नारायण आपटे, त्यानंतर वामन मल्हार जोशी, अशी ही मांडणी असते. विद्यार्थी ती पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. परंतु कादंबरी लिहू पाहणारा माणूस कोणत्या गावात राहत होता, उदरनिर्वाहासाठी काय करत होता, घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी असताना लेखनासाठी त्याने कोणती भाषा निवडली आणि त्याचे लेखन छापण्यास कोण तयार झाले, हे प्रश्न अभ्यासक्रमात सहसा येत नाहीत.

आपल्या महाविद्यालयांतील काही विद्यार्थी मात्र नेमके हेच प्रश्न विचारतात. वहीत कथा किंवा कादंबरीची प्रकरणे लिहिणारा एखादा मुलगा, एखादी मुलगी तास संपल्यावर थांबते आणि विचारते, “सर, हे छापून कोठे येईल?” यांपैकी अनेकांच्या घरी उर्दू किंवा दखनी बोलली जाते, शिक्षण मराठीतून झालेले असते आणि गावात दोन्ही भाषांतील प्रकाशक नसतो. त्यांना द्यावयाचे उत्तर केवळ उत्तेजनाचे असून चालणार नाही. त्यास इतिहासाचा काही आधार हवा. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने महाराष्ट्राबाहेर, इंदूर येथे जन्मलेल्या एका मराठी कादंबरीकाराच्या वाटचालीचा विचार केला आहे. शरच्चंद्र माधव मुक्तिबोध हे ते लेखक होत.

इंदूर : एक शहर, दोन साहित्यव्यवहार

इंदूर ही होळकरांची राजधानी आणि जवळचे उज्जैन हे शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानातील शहर. मराठी राज्यकर्त्यांमुळे कारकुनी, शिक्षण, पोलीस, न्यायदान अशा कामांच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे माळव्यात स्थायिक झाली. त्यांच्या घरात मराठी होती, देवघरात मराठी होती, दप्तरातही बराच काळ मोडी मराठी होती. भोवतालचा समाज मात्र माळवी, हिंदी आणि उर्दू बोलणारा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंदूरहून निघालेले ‘मालवा अखबार’ हे पत्र हिंदी आणि उर्दू अशा दोन भाषांत छापले जात असे. शहराचे भाषिक स्वरूप समजण्यास एवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

विसाव्या शतकात या शहरात दोन साहित्यव्यवहार शेजारी शेजारी वाढले. १९१७ मध्ये गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन इंदूरला भरले. दुसऱ्याच वर्षी, १९१८ मध्ये, महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन त्याच शहरात झाले. १९३५ मध्ये तर योगायोग अधिकच ठळक झाला. त्या एकाच वर्षी गांधीजींच्या अध्यक्षतेखालील हिंदी संमेलन आणि औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या अध्यक्षतेखालील मराठी संमेलन, अशी दोन्ही संमेलने इंदूरने पाहिली.

तथापि संमेलन भरणे आणि पुस्तक निघणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिंदीसाठी इंदूरमध्ये मध्यभारत हिंदी साहित्य समिती १९१० पासून होती आणि तिचे ‘वीणा’ हे मासिक १९२७ पासून निघत होते. खांडव्याहून माखनलाल चतुर्वेदी यांचे ‘कर्मवीर’ निघे. हिंदीत लिहिणाऱ्या माळव्यातील तरुणाला आपले लेखन पाठवण्यासाठी जवळपास पत्ता उपलब्ध होता. मराठीचा साहित्यव्यवहार संस्था, व्याख्याने, वाचनालये आणि नाटके यांत जिवंत होता. महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या संस्थेने तो टिकवून धरला. परंतु मराठी ग्रंथप्रकाशनाची केंद्रे पुण्यामुंबईत होती.

कादंबरीच्या बाबतीत हे अंतर अधिक जाचक ठरते. कविता एका पोस्टकार्डावर मावते. कादंबरीला शेकडो पाने, कागदाचा खर्च आणि विक्रीची खात्री लागते. मराठी कादंबरी रुजली तीच मुळी नियतकालिकाच्या आधाराने. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यांच्याच ‘करमणूक’ या पुण्याच्या साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि मग पुस्तकरूप पावली. ज्या गावात असे साप्ताहिक नाही, तेथील लेखकाला ही पहिली पायरीच उपलब्ध नसते.

एका घरातील दोन वाटा

शरच्चंद्र मुक्तिबोध यांचा जन्म २१ जानेवारी १९२१ रोजी इंदूर येथे झाला. वडील माधवराव ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस खात्यात अधिकारी होते. वडिलांच्या बदल्यांमुळे कुटुंब माळव्यातील निरनिराळ्या गावी राहिले आणि उज्जैनशी त्याचा संबंध दृढ झाला. थोरले बंधू गजानन माधव यांचा जन्म १९१७ चा, श्योपूरचा. त्यांनी इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून १९३८ मध्ये पदवी घेतली.

या घरात दोन्ही भाषांतील कादंबऱ्या वाचल्या जात होत्या. गजानन माधवांनी आपल्या आईविषयी लिहिले आहे, त्यावरून प्रेमचंद आणि हरि नारायण आपटे हे दोघेही तिचे आवडते लेखक होते असे दिसते. म्हणजे मुलांसमोर दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. थोरल्याने हिंदी निवडली, धाकट्याने मराठी. एकाच आईबापांची, एकाच गावात वाढलेली दोन मुले दोन भाषांचे महत्त्वाचे लेखक झाली, ही घटना भारतीय साहित्यात दुर्मीळ आहे.

थोरल्या भावाची निवड व्यवहाराच्या दृष्टीने सोपी होती असे प्रथमदर्शनी वाटते. १९४३ मध्ये ‘अज्ञेय’ यांनी संपादित केलेला ‘तारसप्तक’ हा हिंदी काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला, त्यातील सात कवींत गजानन माधव होते. त्याच सातांत ग्वाल्हेरचे प्रभाकर माचवे हेही होते. सातांपैकी दोन कवींची मातृभाषा मराठी असावी, यावरून मध्य भारतातील मराठी तरुणांना हिंदीचे आकर्षण किती होते हे कळून येते. हिंदीत वाचक मोठा होता, नियतकालिके जवळ होती आणि राष्ट्रीय चळवळीने त्या भाषेला प्रतिष्ठा दिली होती.

प्रेमचंदांचे उदाहरण

येथे क्षणभर प्रेमचंदांकडे वळणे उचित होईल, कारण भाषा आणि प्रकाशन यांचा संबंध त्यांच्याइतका स्पष्टपणे क्वचितच दिसतो. त्यांची लेखनाची पहिली भाषा उर्दू होती. ‘बाजार-ए-हुस्न’ ही कादंबरी त्यांनी उर्दूत लिहिली. परंतु ती आधी प्रसिद्ध झाली हिंदीत, ‘सेवासदन’ या नावाने. मूळ उर्दू रूप वाचकांपर्यंत पोहोचण्यास त्यानंतर काही वर्षे, १९२४ पर्यंत, थांबावे लागले. मूळ मागे आणि अनुवाद पुढे, असा हा उलटा क्रम झाला. प्रकाशक ज्या भाषेत मिळाला त्या भाषेने कादंबरीला प्रथम जन्म दिला. प्रेमचंदांनी उर्दू सोडली नाही, पण यापुढे त्यांच्या मोठ्या कादंबऱ्यांची वाट प्रामुख्याने हिंदीतून गेली.

या पार्श्वभूमीवर धाकट्या मुक्तिबोधांचा निर्णय पाहिला म्हणजे त्याचे वेगळेपण लक्षात येते. जवळचा छापखाना सोडून दूरच्या छापखान्याची भाषा त्यांनी धरली.

नोकरी, कविता आणि पहिली कादंबरी

मराठी लेखक होण्यासाठी त्यांना माळवा सोडावा लागला. ते नागपूरला आले. त्या काळी नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी. मराठी आणि हिंदी दोन्ही तेथे सरकारी व्यवहारात, शिक्षणात आणि वृत्तपत्रांत नांदत होत्या. विदर्भ साहित्य संघासारखी संस्था होती, विद्यापीठ होते, वाचक होता. माळव्यातून आलेल्या मराठी तरुणास पुण्यामुंबईपेक्षा हे शहर ओळखीचे वाटावे असेच होते. शासकीय नोकरी आणि पुढे नागपूर महाविद्यालयात मराठीचे अध्यापन, असा त्यांचा चरितार्थाचा मार्ग राहिला. १९४८ मध्ये थोरले बंधूही नागपूरला आले आणि सुमारे दहा वर्षे दोघे भाऊ त्याच शहरात होते. एक हिंदीत लिहीत होता, दुसरा मराठीत.

शरच्चंद्रांचे पहिले पुस्तक कादंबरी नव्हे. १९४९ मध्ये ‘नवी मळवाट’ हा कवितासंग्रह निघाला, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. मराठी नवकवितेचा तो काळ. महाराष्ट्राबाहेरूनही मराठी नियतकालिक चालवता येते, हे बडोद्याहून १९४३ पासून निघणाऱ्या पुरुषोत्तम आत्माराम चित्रे यांच्या ‘अभिरुची’ने दाखवून दिले होते. नव्या कवितेला वाव देणारी नियतकालिके असल्यामुळे कवीची ओळख आधी झाली. कादंबरीकाराची ओळख होण्यास आणखी पाच वर्षे लागली.

‘क्षिप्रा’ ही पहिली कादंबरी १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली. लेखकाचे वय तेव्हा तेहेतीस. तिचे नावच उज्जैनच्या नदीचे. बिशू या मुलाची वाढ हा तिचा विषय. मध्यमवर्गीय मराठी घर, माळव्याचा परिसर, घरातील धाक आणि बाहेरच्या जगाचे मुलाच्या मनावर होणारे संस्कार तीत आले आहेत. पुढे ‘सरहद्द’ (१९६२) आणि ‘जन हे वोळतु जेथे’ (१९६९) या कादंबऱ्यांतून बिशूचीच कथा पुढे जाते. व्यक्तीच्या मनाकडून समाजाकडे आणि जनतेच्या लढ्याकडे असा तिचा प्रवास आहे. मुक्तिबोधांची मार्क्सवादी जीवनदृष्टी या प्रवासाला दिशा देते.

येथे वर्षांचा हिशेब करून पाहावा. पहिल्या आणि दुसऱ्या कादंबरीत आठ वर्षांचे अंतर आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्या कादंबरीत सात वर्षांचे. एका नायकाची कथा पुरी होण्यास प्रकाशनाची पंधरा वर्षे लागली. लेखक तेहेतिसाचा अठ्ठेचाळिसाचा झाला. मधल्या काळात ‘यात्रिक’ (१९५७) हा दुसरा कवितासंग्रह निघाला, समीक्षालेखन चालू राहिले, नोकरी चालू राहिली. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना होऊन इंदूर-उज्जैन नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि नागपूर मुंबई राज्यात गेले. ज्या भूमीवर कादंबरी उभी होती, ती आता शेजारच्या राज्याची झाली.

इंदूरजवळचीच दुसरी कादंबरी

लेखनसामग्री आणि लेखनाचे टेबल यांत अंतर पडल्यावरच कादंबरी पुरी होते की काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याच्या विचारासाठी इंदूरपासून जवळच असलेल्या देवासचे उदाहरण उपयुक्त आहे.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२-१३ मध्ये प्रथम भारतात आले. त्यामागील एक प्रमुख कारण म्हणजे सर सय्यद अहमद खान यांचे नातू सय्यद रॉस मसूद यांच्याशी असलेली मैत्री. १९०६ मध्ये फॉर्स्टर यांनी तरुण मसूद यांना लॅटिन शिकवले होते. पुढे मसूद यांनी हैदराबाद संस्थानच्या शिक्षण खात्याची धुरा सांभाळली आणि १९२९ पासून ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू होते. पहिल्या प्रवासानंतर, १९१३ मध्ये, फॉर्स्टर यांनी भारतावरील कादंबरीस आरंभ केला, पण ती अडली. १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी सचिव म्हणून ते सहा महिने तेथे राहिले. अपुरी प्रकरणे त्यांनी बरोबर नेली होती. मात्र प्रत्यक्ष भारत समोर असताना त्यांचे लेखन पुढे सरकेना. इंग्लंडला परतल्यावर ती कादंबरी पुरी झाली आणि १९२४ मध्ये ‘अ पॅसेज टू इंडिया’ या नावाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. ती मसूद यांनाच अर्पण केलेली आहे. देवासच्या आठवणींचे ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक तर १९५३ मध्ये आले.

फॉर्स्टर आणि मुक्तिबोध यांच्यात साम्य मर्यादित आहे. फॉर्स्टर तेव्हा नामवंत होते, त्यांचा प्रकाशक ठरलेला होता, त्यांच्या भाषेची बाजारपेठ जगभर होती. मुक्तिबोधांकडे यांपैकी काहीही नव्हते. तरीही नामवंत लेखकाला अकरा वर्षे लागली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. दोघांनीही माळव्यात पाहिले आणि माळव्याबाहेर लिहिले. दोघांच्याही बाबतीत अडून राहण्याचा काळ वाया गेलेला नाही.

थोरल्या भावाचे काय झाले?

आतापर्यंतच्या विवेचनावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, ज्या भाषेचा छापखाना जवळ त्या भाषेत लिहिणे हेच शहाणपणाचे. गजानन माधवांचे चरित्र या निष्कर्षाला छेद देते.

हिंदीसारखी मोठी भाषा आणि पंचविशीतच ‘तारसप्तक’सारख्या संग्रहात स्थान, एवढे असूनही त्यांचा स्वतंत्र कवितासंग्रह त्यांच्या हयातीत निघाला नाही. शाळेतील शिक्षक, आकाशवाणी, साप्ताहिक आणि १९५८ पासून राजनांदगावचे महाविद्यालय अशा नोकऱ्या त्यांनी केल्या. दीर्घ कविता ते पुनःपुन्हा लिहीत राहिले. १९६२ मध्ये त्यांचे ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पाठ्यपुस्तक निघाले आणि मध्य प्रदेश शासनाने त्यावर बंदी घातली. एका शिक्षकाने विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकावरील ही बंदी त्यांना फार लागली. १९६४ च्या आरंभी ते आजारी पडले आणि ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा संग्रह त्याच वर्षी आला, पण तो पाहण्यास कवी नव्हता. त्यांच्या कथांचा ‘काठ का सपना’ हा संग्रह १९६७ मध्ये आणि ‘विपात्र’ ही लघुकादंबरी १९७० मध्ये निघाली. १९८० मध्ये नेमिचंद्र जैन यांनी संपादित केलेली सहा खंडांची रचनावली प्रसिद्ध झाली. आज आधुनिक हिंदी कवितेचा विचार त्यांना वगळून करता येत नाही.

म्हणजे जवळच्या छापखान्याची भाषा निवडणारा थोरला भाऊ आपला कवितासंग्रह न पाहता गेला आणि दूरच्या छापखान्याची भाषा धरणाऱ्या धाकट्याचा संग्रह अठ्ठाविसाव्या वर्षी निघाला. मात्र यावरून धाकट्याची वाट सुखाची होती असेही म्हणता येत नाही. त्यांच्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या समीक्षाग्रंथास १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कादंबरीकार म्हणून त्यांची चर्चा त्या मानाने कमीच झाली. इंदूरमध्ये १९३५ नंतर मराठी साहित्य संमेलन पुन्हा भरण्यास २००१ साल उजाडावे लागले. विजया राजाध्यक्ष त्याच्या अध्यक्ष होत्या. क्षिप्रेकाठच्या कादंबरीचा लेखक तोवर हयात नव्हता.

समारोप

या मागोव्यातून तीन गोष्टी हाती येतात असे वाटते. पहिली म्हणजे, प्रकाशनाचे अंतर हे केवळ मैलांचे नसते. नियतकालिक, संस्था, वाचनालय आणि विद्यापीठ यांची साखळी जेथे असते तेथे लेखक जातो. मुक्तिबोधांसाठी ते शहर नागपूर ठरले. दुसरी, भाषेची निवड सोयीवर ठरवता येते, पण तिचे फळ सोयीप्रमाणे मिळेलच असे नाही. प्रेमचंदांना ते मिळाले, गजानन माधवांना हयातीत मिळाले नाही. तिसरी, कादंबरीला वेळ लागतो आणि तो वेळ बहुतेकांना नोकरी करूनच काढावा लागतो. अध्यापन हा लेखनाचा शत्रू नव्हे, हे दोन्ही भावांनी दाखवले आहे.

शिक्षक म्हणून आपल्या हाती या साखळीची पहिली कडी आहे. महाविद्यालयाचे वार्षिक नियतकालिक अनेकदा अहवाल, छायाचित्रे आणि उसन्या सुविचारांनी भरलेले असते. त्यात एखाद्या विद्यार्थ्याच्या कादंबरीचे एक प्रकरण, मराठीत किंवा उर्दूत, नीट मुद्रिते तपासून छापले, तर त्याला छापील अक्षरातील आपली चूक प्रथमच दिसेल. सोलापूरला १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा घरची भाषा कोणतीही असो, मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम लेखकांना एक व्यासपीठ मिळाले. व्यासपीठ मिळाल्यानंतर पुस्तकापर्यंतची वाट ज्याची त्यालाच चालावी लागते.

तास संपल्यावर थांबलेल्या त्या विद्यार्थ्याला आपण काय सांगावे? घरची भाषा सोडण्याची घाई करू नकोस आणि शिकलेली भाषा परकी मानू नकोस, हे सांगावे. आधी एक प्रकरण पुरे कर, हे सांगावे. आणि ते प्रकरण घेऊन तो परत आला, तर ते वाचण्यासाठी आपण वेळ काढावा.